डोंगरमाथ्यावरचा निरोप्या

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. १५१ माणसं दगावली. ही बातमी गावातून बाहेर आलीच नाही. नेहमीची फेरी घेऊन आलेल्या एसटीच्या चालकाला समोर गाव दिसेना, तेव्हा ती जगाला कळली. एसटीची ती फेरी दुपारची असती, तर मदत आणखी काही तास उशिरा निघाली असती.

बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ च्या पहाटे, केरळात वायनाड जिल्ह्यातल्या मुंडक्कै आणि चूरलमला या वस्त्यांवर दरड आली. दोन दिवसांत ५७० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. अडीचशेहून जास्त माणसं गेली, दोन्ही वस्त्यांना जोडणारा पूल वाहून गेला, वीज गेली. (त्या जागी १९० फुटांचा बेली पूल सैन्याने दीड दिवसाच्या आसपास उभा केला. त्या तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या मेजर सीता शेळके आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. त्या पुलाचे फोटो अनेकांनी पाहिले असतील.) त्याच दिवसांत तिथे आणखी एक पूल काम करत होता, पण तो कोणत्याही फोटोत दिसण्यासारखा नव्हता. कल्पेट्टाच्या जिल्हाधिकारी कार्यालयात हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन बिनतारी संपर्काचा छंद जोपासणाऱ्या, हौशी मंडळींनी आपलं केंद्र मांडलं होतं. दरडीच्या भागात गेलेल्या स्वयंसेवकांच्या हातात छोटे वॉकीटॉकी होते. एवढ्याशा सेटचा आवाज डोंगरांच्या पलीकडे कल्पेट्टापर्यंत पोचणं एरवी शक्यच नव्हतं. तो पोचत होता, कारण अंबलवयलजवळच्या पोन्मुडी कोट्टा या डोंगरावर सुलतान बत्तेरी डीएक्स असोसिएशन या हौशी संस्थेने बसवलेला एक रिपीटर, म्हणजे ऐकलेला आवाज पुढे पाठवणारं यंत्र, होता. आपत्ती आल्यावर तो धावपळीत वर नेलेला नव्हता. आधीपासून तिथे होता, चालू होता, आणि तो कसा वापरायचा हे माणसांना माहीत होतं. माझ्या मते सगळं महत्त्व या 'आधीपासून'ला आहे.

मोबाइल असताना असल्या जुन्या पद्धतीच्या यंत्राची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर मोबाइलच्या रचनेत सापडतं. समोरच्या घरातल्या माणसाला फोन लावला तरी आपला आवाज थेट त्याच्याकडे जात नाही. तो टॉवरवर जातो, तिथून जमिनीखालच्या फायबरने किंवा टॉवर-टॉवरमधल्या मायक्रोवेव्ह जोडणीने कंपनीच्या दूरवरच्या केंद्रात जातो, तिथे कोण कोणाला बोलावतंय हे ठरतं आणि मग तो परत फिरून समोरच्या घरात येतो. या साखळीतली एक कडी तुटली की सगळं ठप्प. पुरात रस्ता वाहून जातो तेव्हा रस्त्याकडेने पुरलेली फायबरही जाते. वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तास तग धरते, पुढे जनरेटरला डिझेल लागतं, आणि डिझेलची गाडी त्याच तुटलेल्या रस्त्याने यायची असते. यातून एखादा टॉवर वाचलाच, तर तालुक्यातले सगळे लोक एकदम फोन लावू लागतात आणि कोणालाच लागत नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने हे श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगडच्या लोकांना नीट दाखवून दिलं. घरावरचं छप्पर गेलं, वीज गेली, आणि मुंबईतल्या मुलांना आईवडील सुखरूप आहेत की नाहीत हे कळायला कित्येक दिवस लागले.

वॉकीटॉकीला या साखळीची गरज नसते. एकाने बटण दाबून बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मध्ये कोणी नाही. अडचण अंतराची आहे. हे सेट ज्या लहरी वापरतात, त्या जवळपास सरळ रेषेत जातात. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या दोन माणसांना पृथ्वीच्या गोलाईमुळेच दहाएक किलोमीटरपलीकडे एकमेकांचं ऐकू येत नाही. मधे डोंगर आला तर एका किलोमीटरवरही शांतता. म्हणून कोणीतरी उंचावर उभं राहावं लागतं. दोन खोऱ्यांतल्या माणसांना एकमेकांची हाक ऐकू येत नाही, पण मधल्या खिंडीत उभ्या असलेल्या गुराख्याला दोघांचीही ऐकू येते आणि तो इकडची हाक तिकडे देतो. रिपीटर हा तो गुराखी. फरक इतकाच की ऐकत असतानाच तो पुढे बोलतो, शब्द बदलत नाही आणि दुसऱ्याचा आवाज स्वतःच्या मोठ्या आवाजात सांगतो.

उंचीने किती फरक पडतो, याचा एक सोपा हिशेब आहे. भोवतालच्या प्रदेशापेक्षा अँटेना किती मीटर उंच आहे त्याचं वर्गमूळ काढायचं आणि साधारण चारने गुणायचं, म्हणजे रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. अँटेना शंभर मीटर वर असेल तर चाळीस किलोमीटर, हजार मीटर वर असेल तर सव्वाशे. कोकणातल्या एखाद्या खाडीकाठच्या गावातून घाटमाथ्याकडे पाहिलं की हे गणित डोळ्यांनी दिसतं: जो माथा आपल्याला दिसतो, त्याला आपण दिसतो.

वायनाडनंतर दोनच महिन्यांनी अमेरिकेत याचा मोठा पुरावा मिळाला. हेलेन हे चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दुसऱ्या दिवशी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांवर कोसळलं. बझिक नावाच्या ठिकाणी त्या वादळी पावसात ७८० मिलिमीटरहून अधिक नोंद झाली. चेरापुंजीला किंवा आंबोलीला असे आकडे येतात. तिथल्या लोकांनी ते कधी पाहिले नव्हते. पिजन नदीने राष्ट्रीय महामार्गाचे तुकडे गिळले. ॲशव्हिल या शहरात नळाला पिण्याजोगं पाणी यायला नोव्हेंबरचा मध्य उलटला. जगभरच्या हवामानाच्या नोंदी जपणारी अमेरिकेची मोठी सरकारी संस्था याच शहरात आहे, आणि तिचीही संगणकसेवा बंद पडली. सर्वाधिक फटका बसलेल्या एकवीस काउंट्यांमधले जवळपास तीन चतुर्थांश मोबाइल टॉवर मुके झाले. डोंगरांतल्या काही वस्त्यांवर सामान खेचरांवरून न्यावं लागलं.

या मुलखात माउंट मिचेल आहे. उंची २,०३७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळपास चारशे मीटर जास्त. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला अमेरिकेत यापेक्षा उंच शिखर नाही. ॲशव्हिल शहर त्याच्या सुमारे चौदाशे मीटर खाली आहे. शिखरावर हौशी रेडिओवाल्यांचा एक रिपीटर आहे आणि तो १४५.१९० मेगाहर्ट्झवर बोलतो. वादळातून तो वाचला. मग काही दिवस हा एक आकडा त्या भागात तोंडोतोंडी झाला. कोणता रस्ता उघडा आहे, कुठल्या खोऱ्यात म्हाताऱ्या जोडप्याला ऑक्सिजनचा सिलिंडर हवा आहे, अमुक पत्त्यावर कोणी जाऊन पाहील का, पाहिलं तर ते ठीक आहेत का, असे निरोप त्यावरून दिवसरात्र चालले. बोलणारे थोडे होते, ऐकणारे त्यांच्या कित्येक पट. ज्यांच्याकडे परवाना नव्हता, पण कपाटात पडलेला स्वस्तातला चिनी सेट होता, त्यांनी तो बाहेर काढला आणि अंगणात बसून ऐकलं. 'आपल्या खोऱ्याची कोणाला तरी खबर आहे' हे नुसतं कळणंही त्या अंधारात मोठं असतं. जिवावर बेतलेलं असताना मदत मागायला कोणतंही हाती असलेलं रेडिओसाधन वापरता यावं, अशी तरतूद अमेरिकेच्या हॅम नियमांत आहे. त्यामुळे बिनपरवान्याच्या आवाजांनाही तिथे कोणी हुसकावलं नाही.

हे यंत्र असतं तरी कसं? एका छोट्या खोलीत किंवा लोखंडी पेटीत एक ग्राहक, एक प्रक्षेपक, एक नियंत्रक आणि बॅटऱ्या. बाहेर खांबावर एक अँटेना. खरी कमाल पाहायची तर भिंतीशी उभ्या असलेल्या धातूच्या नळकांड्यांकडे पाहावं. चार किंवा सहा असतात, हातभर उंच, प्रत्येकाच्या डोक्यावर एक फिरवायचा दांडा. याला डुप्लेक्सर म्हणतात. माउंट मिचेलचा रिपीटर १४४.५९० वर ऐकतो आणि १४५.१९० वर बोलतो. दोन्हींत फक्त ०.६ मेगाहर्ट्झचं अंतर. एकाच अँटेनावर, एकाच क्षणी, पन्नास वॉटच्या आसपासची ताकद बाहेर जात असते आणि त्याच तारेतून दूरच्या वॉकीटॉकीचा एक मायक्रोव्होल्टहूनही क्षीण संकेत आत येत असतो. दोन्हींच्या ताकदीत कोटींच्या कोटी पटींचा फरक आहे. प्रक्षेपकाची थोडीशी ताकद जरी ग्राहकात शिरली, तरी तो बहिरा होईल. ती नळकांडी आपापल्या लहरीला वाट देतात आणि दुसरीला अडवतात. त्यांची जुळणी दांडा केसभर फिरवून करावी लागते आणि एकदा जमली की तिला हात लावायचा नसतो.

सेटमधून बोलताना आवाजाच्या खाली एक ठरावीक खर्जातला सूरही जातो, तो कानाला जाणवत नाही. रिपीटरला तो सूर ऐकू आला तरच तो जागा होतो, नाहीतर विजेच्या कडकडाटाने किंवा शेजारच्या यंत्राच्या खरखरीने उगाच बोलू लागेल. नवख्याचा सेट सगळं बरोबर लावूनही 'लागत नाही', त्याचं कारण बहुतेकदा हा न लावलेला सूरच असतो. म्हणून लहर, ऐकण्या-बोलण्याच्या लहरींमधलं अंतर आणि सूर हे तीन आकडे छापून, प्लॅस्टिकमध्ये बंद करून सेटच्या पिशवीतच ठेवावेत. आपत्तीत पुस्तिका शोधायला उजेडही नसतो.

बॅटरीच्या हिशेबावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण सह्याद्रीत तिथेच घोडं अडणार आहे. नुसता ऐकत बसलेला रिपीटर १२ व्होल्टवर अर्धा-एक अँपिअर खातो. पंचवीस वॉटवर बोलू लागला की पाच-सहा अँपिअर. आपत्तीत तो दिवसातले आठ तास बोलत राहिला, असं धरलं तर दिवसाला पन्नास-साठ अँपिअर-तास गेले. गाडीत किंवा इन्व्हर्टरला असते तशी शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी अर्ध्याहून जास्त रिकामी करू नये, म्हणजे ती एका दिवसात संपली. सौर पॅनेल लावू, असं आपण सहज म्हणतो. पण आपल्याकडे दरड आणि पूर येतात ते जुलैत, आठवडाभर सूर्य दिसत नसताना, माथ्यावर ढग टेकलेले असताना. तेव्हा पॅनेल उन्हाळ्यातल्या उत्पन्नाचा छोटासा हिस्साच देतं. एप्रिलच्या उन्हात केलेली चाचणी इथे फसवी ठरते. बॅटरी तीन-चार दिवस पॅनेलशिवाय चालेल इतकी मोठी घ्यावी लागते, आणि ताकद कमी करण्याची सोय ठेवावी लागते. पन्नास वॉटवरून दहावर आणलं तर पोच थोडीच घटते. तसंही पाच वॉटच्या सेटचा आवाज रिपीटरपर्यंत जिथून पोचत नाही, तिथपर्यंत रिपीटरने ओरडून उपयोग काय?

दुसरा शत्रू पाणी. केबलच्या जोडात शिरलेला थेंब तांब्यातून हळूहळू आत सरकत जातो आणि एका पावसाळ्यात अँटेना निकामी करतो, बाहेरून काही दिसतही नाही. तिसरी वीज: उघड्या माथ्यावर खांब उभा केला की तिला आमंत्रणच, म्हणून जमिनीत नीट उतरवलेली तांब्याची पट्टी आधी आणि खांब नंतर. या तिन्ही गोष्टींना लागणारा पैसा फार नाही. दर वर्षी मे महिन्यात वर चढून जोड तपासणारी माणसं मात्र लागतात, आणि रिपीटर बंद पडलेले असतात ते बहुधा यंत्रापेक्षा अशा माणसांच्या अभावामुळे.

रिपीटरची एक मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं तर दोघांचंही जातं. फोनसारखा गप्पांचा पसारा त्यावर मावत नाही. म्हणून आपत्तीत एक जण सूत्रधार होतो. हॅम मंडळी त्याला 'नेट कंट्रोल' म्हणतात. तो विचारतो, 'कोणाकडे प्राधान्याचा निरोप आहे?' ज्याच्याकडे आहे तो फक्त आपली ओळख सांगतो आणि थांबतो. सूत्रधाराने नाव घेतलं की बोलायचं. समजा, एका वाडीतून असा निरोप येतो: 'वरच्या वाडीत अठ्ठावीस माणसं शाळेत. एका आजींना इन्सुलिन हवं. ओढ्यावरचा साकव गेला, मागची पायवाट चालू. ओव्हर.' सूत्रधार तो जसाच्या तसा वाचून दाखवतो, समोरचा 'बरोबर' म्हणतो आणि वेळ लिहून ठेवला जातो. वीस सेकंदांत काम होतं. घाबरलेला माणूस हेच सांगायला पाच मिनिटं घेतो आणि शेवटी वाडीचं नाव राहून जातं. एकाने लांबण लावलीच तर तीनेक मिनिटांनी रिपीटर आपोआप गप्प होतो, तशी घड्याळाची सोयच आत असते.

शिवाय यावर गुपित काही राहत नाही. सगळे सगळं ऐकतात. रुग्णाचं नाव, मृताचं नाव यावरून सांगायचं नाही, हा शिस्तीचा भाग आहे. पण हेच उघडेपण कामाचंही आहे. तहसीलदाराला दिलेला निरोप शेजारच्या वाडीतला माणूस ऐकतो आणि सांगतो, 'इन्सुलिन आमच्याकडे आहे, पोरगा घेऊन निघालाय.' फोनवर हे घडत नाही.

रिपीटर एका टापूपुरता असतो. त्यापलीकडच्या लांब पल्ल्यासाठी वेगळ्या, वातावरणाच्या वरच्या थरावरून परतणाऱ्या लघुलहरी लागतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या दिवशी योगायोगाने भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होते. अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा त्यांच्या लघुलहरी सेटवरून मुख्य भूमीशी निरोपांची देवाणघेवाण झाली. १९९३ च्या किल्लारी भूकंपातही हॅम मंडळी संपर्काच्या कामाला धावली होती. जिल्ह्याबाहेर लघुलहरी आणि जिल्ह्याच्या आत रिपीटर, अशी ही वाटणी. अलीकडे इंटरनेटने एकमेकांना जोडलेले रिपीटरही निघाले आहेत. रोजच्या हौसेला ते छान आहेत. आपत्तीत मात्र ती जोडणी मोबाइलच्याच साखळीवर टांगलेली असते, हे विसरून चालणार नाही. ज्याचं सगळं काम एकाच डोंगरावर होतं, असा साधा रिपीटर मला जास्त भरवशाचा वाटतो.

कायद्याची बाजू आपल्याकडे अजून अवघड आहे. हॅम व्हायला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की ती देता येते. परीक्षा कठीण नाही. त्यानंतर परवाना आणि स्वतःची ओळख, म्हणजे कॉलसाइन मिळतो. भारतात तो बहुधा व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होतो. रिपीटर उभारायचा तर त्याची परवानगी वेगळी. ऑनलाइन दुकानांतून मिळणारे वॉकीटॉकी बिनपरवाना वापरणं बेकायदा आहे, आणि त्यांच्या विक्रीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये नियमावली आणली. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या छोट्या पट्ट्यात कमी शक्तीचे सेट परवान्याशिवाय चालतात, पण त्यांची पोच वाडीच्या आसपास संपते. अमेरिकेत याच्या मधली एक वाट आहे. पस्तीस डॉलर भरले की परीक्षेशिवाय दहा वर्षांचा परवाना मिळतो. तो सगळ्या कुटुंबाला चालतो आणि त्यावर शेजारीपाजारी मिळून डोंगरावर रिपीटरही बसवू शकतात. आपल्याकडे ग्रामपंचायतींना किंवा आपत्ती व्यवस्थापनाच्या गावपातळीवरच्या गटांना असा परवाना मिळाला, तर घाटाखालच्या गावांचं मोठं काम होईल. पोलिसांची बिनतारी यंत्रणा भक्कम आहे, पण ती ठाण्यापर्यंत येऊन थांबते. २२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली, तेव्हा खाली महाड पाण्यात होतं आणि मदतीची पथकं पोचायला दुसरा दिवस उजाडला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. तळियेपासून पोलीस ठाण्यापर्यंतचा जो टप्पा आहे, तो आजही मोबाइलवरच सोडलेला आहे.

तसा परवाना मिळेपर्यंत मुंबई-पुण्यातल्या हॅम क्लबांना आणि घाटाखालच्या गावांना मिळून एक काम आताच करता येण्यासारखं आहे. परवानाधारकांपैकी एकाने सेट घेऊन माथ्यावर बसायचं, बाकीच्यांनी वाडीवाडीत फिरायचं आणि नकाशावर खुणा करायच्या: इथून स्पष्ट, इथून तुटक, इथून काहीच नाही. खर्च पेट्रोलचा आणि जेवणाचा. हा नकाशा तयार झाला की बऱ्याचदा असं दिसतं की सर्वात उंच शिखर सर्वात उपयोगी नसतं. त्याच्या कड्याची सावली नेमक्या पायथ्याच्या वाड्यांवर पडते, आणि दरडीचा धोका तर त्याच वाड्यांना. तेव्हा पलीकडची बुटकी टेकडी निवडावी लागते, जिच्यावरून उतार समोर दिसतो. एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये ही फेरी करायला हवी. पावसाळ्यात ओल्या झाडीतून संकेत क्षीण होतो आणि उन्हाळ्यात 'स्पष्ट' म्हणून खूण केलेल्या काही वाड्या तेव्हा 'तुटक'मध्ये जातात.